सीएसआरमधून आरओ प्लांट मिळतोय, ठरावाआधी काय पाहावं?

धागाकर्ता: गावची लोकसंख्या 1,800. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायचा निधी) तासाला 1,000 लिटरचा आरओ प्लांट (पाण्यातले क्षार गाळणारं यंत्र) देतेय. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर 850 येतो. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. काय विचारून घ्यावं?

बोअरपंप: आधी आरओ लागतोय का ते ठरवा. मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू त्यात कळत नाहीत. जलसुरक्षकाकडून (ग्रामपंचायतीचा पाण्याचे नमुने घेणारा माणूस) नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवा. पंप दहा मिनिटं चालवून मगच नमुना भरा. जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुकच हवी, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचली पाहिजे.

आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर) टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालतो. नायट्रेटला 45 च्या वर सवलतच नाही, फ्लोराइड 1.5 च्या वर नको. बाकी सगळं हद्दीत असून फक्त जंतू निघाले, तर आरओ घेऊ नका. टाकीवर क्लोरिन डोसर (पाण्यात ठरावीक क्लोरिन सोडणारं उपकरण) आणि गळक्या पाइपलाइनची बदली मागा. गावाला त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

मेंब्रेन_दुरुस्ती: आरओ लागणारच असेल तर हिशोब असा. माणशी 5 लिटर म्हणजे रोज 9,000 लिटर, प्लांट नऊ तास चालणार. साधारण निम्मं पाणी बाहेर पडतं, म्हणजे बोअरने तासाला 2,000 लिटर द्यायला हवं, तेही मे महिन्यात. पावसाळ्यानंतर घेतलेल्या क्षमता चाचणीवर विसंबू नका. बाहेर पडणारं खारट पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंत तर तेच क्षार परत वर येतील. ते शौचालयांना द्या.

प्लांट बंद पडतात ते बहुतेक छोट्या गोष्टींमुळे. आरओच्या आधी गाळ अडवणारं 5 मायक्रॉनचं काडतूस पांढरं असतं, गाळाने तपकिरी होतं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक एक किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास गेला की ते बदलायचं. नाही बदललं तर हाय प्रेशर पंपाला पाणी पुरत नाही आणि तो सारखा ट्रिप होतो. अँटीस्केलंटची (क्षारांचा थर बसू न देणाऱ्या रसायनाची) टाकी रिकामी राहिली तर मेंब्रेनवर (क्षार गाळणाऱ्या पडद्यावर) पांढरा थर बसतो. रोज बघणारा एक माणूस नेमलेला हवा, त्याचं मानधन कोण देणार ते ठरावातच लिहा.

धागाकर्ता: कंपनी म्हणते 31 मार्चच्या आत उद्घाटन हवं. अहवाल यायला तेवढा वेळ नाही.

ठराव_नमुना: दादा, या घाईत ठराव करू नका. कंपनीच्या संचालक मंडळाने हे काम 'चालू प्रकल्प' (एकाहून जास्त वर्षं चालणारं काम) म्हणून मंजूर केलं, तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं वापरता येते. देखभालीचा खर्चही त्याच मंजुरीत मागा. 2021 च्या सीएसआर नियमांनुसार मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर करता येते; ग्रामपंचायतीचं नाव करारात घालून घ्या. काम संस्थेमार्फत होणार असेल तर तिचा सीएसआर-1 (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांचा सरकारी नोंदणी अर्ज) नोंदणी क्रमांक आधी मागा. वीजमीटर कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार आणि मेंब्रेन बदलायची वेळ आली की पैसे कोणाचे, हे तिन्ही मुद्दे सहीच्या आधी कागदावर आणा.