भाड्याच्या प्रवासी गाड्यांची बांधणी : आपापले अनुभव लिहावेत

सागरवेळ (दापोली)
गेल्या आठवड्यात एका बॉडीवाल्याच्या शेडमध्ये बराच वेळ थांबावे लागले. समोर पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, तयारीसाठी आलेली सहा आसनी रिक्षा उभी होती. त्याने पायाखालचे रबरी मॅटिंग उचलले, तर खालच्या पत्र्याची जाळी झालेली होती आणि त्याला आधार देणारी आडवी पट्टी एका टोकाला चॅसिसपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) सुटलेली होती. बाहेरचा रंग मात्र नवाकोरा होता. ते पाहून आमच्या आत्याचा जुना प्रसंग आठवला. हर्णै बंदरावरून परतताना चढावर गाडीने आचका दिला, तिने तोल सावरायला पाय रोवला आणि तो पत्र्यातून थेट खाली गेला. चालकाने त्याच क्षणी गाडी थांबवली, म्हणून पोटरीच्या खोल जखमेवर निभावले. त्या रिक्षेतून रोज मासळीच्या पाट्या जात, बर्फाचे खारे पाणी मॅटिंगखाली मुरत राही आणि ते निघून जाण्यासाठी तळाला वाटच ठेवलेली नव्हती. किनाऱ्यावर माणसे आणि मासळी एकाच गाडीतून जातात हे बनवणाऱ्याला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. आपले अनुभव लिहावेत. कंपनीचे नाव नको, कोणता भाग कसा निकामी झाला ते सांगावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
मी स्वतः तीनचाकी चालवतो, म्हणून तोल आणि ब्रेक यांविषयी लिहितो. पुढे एकच चाक असल्यामुळे या गाडीचा सारा तोल त्रिकोणात सांभाळावा लागतो. उतारावर वळता वळता ब्रेक दाबला की भार पुढे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि तिथे आधाराला चाकच नसते. त्यात टपावर गणपतीसाठी आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगा आणि आत क्षमतेपेक्षा जास्त माणसे असली, तर चालक कितीही जुना असो, त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. परशुराम घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापून पेडल मऊ पडल्याचा, म्हणजे ब्रेक नीट न लागल्याचा, अनुभव आमच्या स्टँडवरील बहुतेकांना आहे. अशा वेळी आम्ही गिअरवर गाडी उतरवतो, पण नवीन मुलांना हे कोणी शिकवत नाही.

माझ्या गाडीचा दोष वेगळा आहे. मागच्या शॉकअपचा ब्रॅकेट जिथे चॅसिसला जोडलेला आहे, तिथला वेल्ड पहिल्याच पावसाळ्यानंतर तडकला. ज्यांनी माझ्यासोबत गाड्या घेतल्या, त्यांच्यापैकी आणखी काही जणांच्या गाड्यांना त्याच जागी तडा गेला आहे. शोरूममध्ये मात्र 'रस्ते खराब आहेत' एवढेच उत्तर मिळाले.

निवतीची_लेक
सागरवेळदादा, आत्याबाईंचा पाय पूर्ण बरा झाला का? गंजक्या पत्र्याची जखम फार वाईट असते, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेत मिळाले असेल अशी आशा आहे. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता भात चुलीवर आहे.

सागरवेळ (दापोली)
मिळाले, ताई. पाय बरा आहे, पण व्रण कायमचा राहिला.

मीनल_माणगाव
सीएनजीवर चालणाऱ्या सात आसनी गाडीविषयी लिहिते, कारण माझी मुलगी रोज तशा गाडीने जाते. सिलिंडर मागच्या बाकामागे असल्यामुळे सामानाला जागा उरत नाही आणि दप्तरे मुलांच्या मांडीवर येतात. एकदा मी स्वतः मागे बसले, तेव्हा पट्टा सापडेना. बाकावर रेक्झिनचे नवे आवरण चढवताना पट्ट्यांचे खटके त्याच्याखाली शिवून टाकले होते. चालकदादा सज्जन आहेत, त्यांनी दुसऱ्याच दिवशी आवरणाला चिरा पाडून खटके वर काढले. सिलिंडरमध्ये सुमारे दोनशे बारचा दाब असतो आणि त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. पालकांनी त्या तपासणीची तारीख विचारलीच पाहिजे, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

कुडाळकर_चालक
मीनलताईंचे म्हणणे पटले. मी टूरची गाडी चालवतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग आणि पट्ट्याची सूचना देणारा आवाज सक्तीचा झाला, तसेच टॅक्सीच्या मागच्या दारांना चाइल्ड लॉक ठेवण्यास बंदी आली. या बंदीचे महत्त्व प्रवाशांच्या लक्षात येत नाही. माझ्या आधीच्या मालकाच्या जुन्या गाडीत मागच्या डाव्या दाराची आतली मूठ तुटलेली होती आणि प्रत्येक वेळी मी उतरून बाहेरून दार उघडत असे. पावसात नदीकाठच्या रस्त्याने जाताना मला सतत एकच भीती वाटे, की गाडी पाण्यात गेली तर मागची माणसे बाहेर कशी येतील? २०१६ साली महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेल्यानंतर तर मी मालकाला निक्षून सांगितले, की मूठ बसवल्याशिवाय गाडी काढणार नाही.

वेळणेश्वर_ते_लंडन
इथली काळी टॅक्सी टॅक्सी म्हणूनच बनवली जाते. सुमारे ७.६ मीटर व्यासात ती वळली पाहिजे, असा नियम आहे. तरीही दोष तिलाही चुकले नाहीत. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये टीएक्स४ या मॉडेलच्या स्टीअरिंग बॉक्समध्ये दोष आढळला, तेव्हा सुमारे चारशे गाड्या माघारी बोलावल्या गेल्या आणि त्याच महिन्यात ती टॅक्सी बनवणारी कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोष कारखान्याचा आहे हे उघडपणे मान्य झाले. आपल्याकडे तोच दोष गरीब मालक स्वतःच्या खर्चाने वेल्डिंग करून झाकतो, आणि मग तो नोंदला कुठेच जात नाही.

निवतीची_लेक
आता निवांत लिहिते. आमच्याकडच्या वडाप (सीटवर भाडे घेणाऱ्या) जीपमध्ये मागे समोरासमोर आडवे बाक असतात. त्यांना पट्टा नाही आणि धरायला वर एक दांडा, तोही हलतो. जोराचा ब्रेक लागला की माणसे पुढच्या दिशेने एकमेकांवर आदळतात. आमच्या शेजारच्या काकूंचे मनगट असेच मोडले, आणि ज्यांच्या अंगावर त्या पडल्या त्या आजींना महिनाभर कूस बदलता येत नव्हती. गाडी कुठेही धडकलेली नव्हती, त्यामुळे याला कोणी अपघात म्हणतच नाही.

कुडाळकर_चालक
तो दांडा मी पाहिला आहे. मोठा बोल्ट आणि मागे रुंद वायसर लावायला हवा, तिथे नुसते स्क्रू असतात.

खाडीपलीकडे (गुहागर)
भाड्याच्या गाडीच्या फिटनेसची तपासणी, म्हणजेच पासिंग, पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी होते. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीसाठी दोन वर्षांचा काळ फार मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी गाडी घेतल्याबरोबर खालून गंजरोधक थर मारून घ्यावा आणि मासळीच्या फेरीनंतर गोड्या पाण्याने तळ धुवावा.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वेल्डविषयी एक सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत बोलावण्याचा नियम लागू आहे आणि सात वर्षांच्या आतील वाहनाच्या मालकाला सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी जमल्या, तर कंपनीला गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्याव्या लागतात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
हे मला कोणी सांगितले नव्हते, खाडीपलीकडेदादा. उद्या सकाळी स्टँडवर सगळ्यांच्या ब्रॅकेटचे फोटो आणि चॅसिस नंबर गोळा करतो. तक्रार प्रत्येकाने आपल्या नावाने वेगळी केली तरच ती मोजली जाईल ना? खेड आणि संगमेश्वरच्या स्टँडवर कोणाची ओळख असेल, तर कृपया त्यांनाही त्याच जागचा वेल्ड पाहायला सांगावे.