कीथ हॅरिंगचे क्रमांकित मुद्राचित्र लाखो रुपये देऊन घ्यावे का?

गोदाकाठचा वास्तुविशारद

गंगापूर रोडवरच्या ज्या घराच्या अंतर्गत सजावटीचे काम सध्या माझ्याकडे आहे, तिथल्या दांपत्याने दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीसाठी अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग याचे एक मुद्राचित्र, म्हणजे छापून केलेले चित्र, परदेशातील विक्रेत्याकडून घ्यायचे मनावर घेतले आहे. चित्र त्याच्या ‘पॉप शॉप’ मालिकेतले, 1980 च्या दशकाच्या अखेरचे, स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई ओढून, छापलेले आणि 200 प्रतींच्या आवृत्तीतले असून खाली पेन्सिलीने त्याची स्वाक्षरी व क्रमांक आहे. मागितलेल्या किमतीत एखादी चांगली मोटार दारात उभी राहील. मी त्यांना हे घेऊ नका असा सल्ला दिला आहे, आणि तो का दिला हे इथे मांडून मला जाणकारांची मते ऐकायची आहेत.

हॅरिंगचे नाव झाले ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर. जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीत काळा कागद डकवला जाई, आणि 1980 पासून पुढची काही वर्षे हा तरुण त्या कागदांवर पांढऱ्या खडूने रांगणारी बाळे, भुंकणारे कुत्रे आणि नाचणारी माणसे काढत राहिला. त्यापायी पोलिसांनी त्याला पकडलेही. ती चित्रे कामावर जाणाऱ्या कोणालाही फुकट पाहायला मिळत होती. नाव झाल्यावर लोक ते कागद फाडून घरी नेऊ लागले, आणि पुढे त्याने हे काम थांबवण्यामागे तेही एक कारण होते. 1986 मध्ये त्याने लाफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान काढले ते ज्यांना गॅलरीतले चित्र परवडत नाही त्यांना निदान बिल्ला, भित्तिपत्रक किंवा टीशर्ट तरी घेता यावा म्हणून. 31 व्या वर्षी, 1990 मध्ये, एड्सने त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच दुकानाचे नाव असलेली मुद्राचित्रे आज मोजक्या श्रीमंतांच्या भिंतींवर आहेत. ज्या पडद्यांतून 200 प्रती निघाल्या त्यांतून 2,000 ही निघू शकल्या असत्या. मग आपण पैसे मोजतो ते चित्राचे, की न छापलेल्या 1,800 प्रतींचे?

ज्या शहरात शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने गोदाघाट जलरंगांत उभा केला, त्या शहरात ही रक्कम बाहेर पाठवताना निदान एकदा विचार व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.

नाशिकरोड निवृत्त

साहेब, माझी सगळी नोकरी नाशिकरोडला छपाईच्या खात्यात गेली, त्यामुळे क्रमांक घातलेल्या कागदाची किंमत कशात असते याचा विचार मी पोटापाण्यासाठी केलेला आहे. आपला हॅरिंगविषयीचा आदर मला पटतो. पण छपाईविषयी आपण जे लिहिले आहे ते मला मुळीच मान्य नाही.

स्क्रीन प्रिंटिंग म्हटले की आपल्याला लग्नपत्रिका आठवते, म्हणून ते हलके काम वाटते. प्रत्यक्षात जितके रंग तितके पडदे तयार करावे लागतात, ताणलेल्या जाळीतून रबराच्या पट्टीने शाई एकसारख्या दाबाने ओढावी लागते, एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, आणि प्रत्येक वेळी कागद पूर्वीच्याच जागी नेमका बसवावा लागतो. हॅरिंगसारख्याच्या कामात तर लपवायला जागाच नसते. सपाट लाल, सपाट पिवळा आणि वरून जाड काळी रेषा. जोडणी किंचित सरकली तर रंग आणि रेषा यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते आणि तो कागद बाद होतो. जे कागद कलावंताने पाहून पसंत केले त्यांवरच तो सही करतो. भिंग लावून पाहा: ऑफसेटच्या, म्हणजे यंत्रावर छापलेल्या, भित्तिपत्रकात बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते, तर अस्सल स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा अखंड थर कागदावर बसलेला दिसतो आणि त्याची कड स्वच्छ असते.

शिवाय या चित्राच्या मागे कुठेतरी कॅनव्हासवरचे ‘खरे’ चित्र आहे आणि ही त्याची नक्कल आहे, असा आपल्या लिखाणाचा सूर वाटतो. तसे नसते. ही रचना छापण्यासाठीच केलेली असते, आणि त्या 200 प्रती मिळूनच मूळ कलाकृती होते. क्रमांक हा कलावंताने घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो, की यापुढे आणखी प्रती निघणार नाहीत. तो शब्द पाळला गेला म्हणूनच आज त्याला मोल आहे, आणि शब्दाला मोल देण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

रंगरेषा, पंचवटी

मी शाळेत चित्रकला शिकवते. काकांनी मुद्रणाची बाजू फार चांगली समजावली आहे, आणि मुद्राचित्र ही स्वतंत्र कलाकृती असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही माझा कौल वास्तुविशारदांच्या बाजूने आहे, आणि तो आपल्याच इतिहासाच्या आधारावर आहे.

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छपाईच्या दगडांवरून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रातल्या देवघरांत पोहोचल्या. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्याच छापखान्यासाठी काम केले होते. ज्यांना संस्थानिकांच्या महालातले तैलचित्र आयुष्यात कधी दिसले नसते, अशा लाखो माणसांनी चित्र म्हणजे काय हे त्या तसबिरींवरून जाणले. त्यांवर क्रमांक नव्हता आणि स्वाक्षरी पेन्सिलीची नव्हती, म्हणून त्यांची योग्यता कमी झाली नाही. छपाईचा खरा पराक्रम प्रसारात आहे. हॅरिंगलाही ते ठाऊक होते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या त्याच्या भित्तिपत्रकाच्या सुमारे 20,000 प्रती त्याने वाटल्या. एकाच माणसाच्या हातून निघालेल्या या दोन प्रकारच्या छापील कागदांपैकी एक फुकट वाटला गेला आणि दुसरा तिजोरीत जातो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

क्रमांकाबद्दल एक सांगते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या चित्राचा पत्रा खरोखरच झिजतो, आणि सुरुवातीच्या प्रती नंतरच्या प्रतींपेक्षा ठसठशीत येतात. तिथे मर्यादित आवृत्ती ही साधनाची गरज असते. स्क्रीनमध्ये ती गरज इतक्या लवकर येत नाही. म्हणून 200 हा आकडा बाजाराने ठरवलेला आहे, असे मी म्हणेन.

नाशिकरोड निवृत्त

ताई, आकडा बाजार पाहून ठरतो हे मान्य केले, तरी त्यातून चित्र हलके ठरत नाही. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने 1967 मध्ये अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या 10 मुद्राचित्रांचे 250 संच काढले. पुढे 1970 नंतर त्याच प्रतिमा युरोपात पुन्हा छापल्या गेल्या आणि त्यांच्या पाठीवर ‘तुमची स्वतःची सही इथे करा’ अशा अर्थाचा शिक्का आला. आज ज्याला फक्त चेहरा हवा असेल तो हे नंतरचे छाप थोड्या पैशांत घेऊ शकतो, आणि ज्याला कलावंताच्या देखरेखीखाली निघालेला कागद हवा असेल तो जास्त पैसे देतो. दोघांचीही सोय झाली, मग त्यात कोणाचे काय बिघडले?

रंगरेषा, पंचवटी

काका, हेच उदाहरण मी माझ्या बाजूने देईन. चेहरा तोच आणि डोळ्यांना मिळणारा आनंद जवळपास तोच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तो फरक डोळ्यांना दिसत नसेल, तर भिंतीवर लावण्यासाठी तो मोजायचा कशाला?

जमाखर्च

कलेच्या योग्यतेवर मी बोलणार नाही, कारण माझा व्यवसाय हिशेबाचा आहे. पण या व्यवहारात ज्या गोष्टीची चर्चा सर्वांत आधी व्हायला हवी होती ती अजून झालेलीच नाही. हे चित्र हॅरिंगचेच आहे हे सांगणार कोण?

हॅरिंगने मृत्यूपूर्वी, 1989 मध्ये, आपल्या नावाचे फाउंडेशन स्थापन केले. चित्रांची सत्यता तपासणारी त्याची समिती 2012 मध्ये बंद करण्यात आली, आणि वॉरहॉलच्या फाउंडेशननेही त्याच सुमारास आपले मंडळ गुंडाळले. त्यामुळे आज या चित्राचा खरेपणा ठरतो तो आधीच्या मालकांच्या पावत्या, लिलावगृहाच्या नोंदी आणि हॅरिंगच्या मुद्राचित्रांची प्रसिद्ध झालेली सूची यांच्याशी माप, कागद व आवृत्ती जुळते का, यावर. विक्रेत्याने स्वतःच्याच लेटरहेडवर दिलेले प्रमाणपत्र म्हणजे विक्रेत्याचेच तोंडी आश्वासन लेखी झालेले असते.

याउलट बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराची व्यवस्था पाहा. त्याची ‘पेस्ट कंट्रोल’ नावाची संस्था प्रमाणपत्र देते, आणि त्या प्रमाणपत्राला एका बनावट दहा पौंडी नोटेचा अर्धा फाडलेला तुकडा जोडलेला असतो. राणीऐवजी डायनाचा चेहरा असलेली ही नोट त्यानेच 2004 मध्ये छापलेली आहे. तुकड्यावर हाताने क्रमांक लिहिलेला असतो आणि उरलेला अर्धा संस्थेकडे राहतो. फाटलेली कड जुळली की चित्र खरे. नाशिकरोडच्या काकांना ही युक्ती आवडेल.

दुसरा मुद्दा सीमाशुल्काचा. मूळ मुद्राचित्राची जी व्याख्या तिथे लावली जाते, तिच्यानुसार साचा कलावंताने संपूर्णपणे हाताने केलेला असावा लागतो आणि यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीने काढलेले छाप वगळले जातात. स्क्रीन प्रिंटमध्ये पडदा अनेकदा फोटोच्या पद्धतीने तयार होतो. म्हणून बिलावर नुसते ‘आर्ट प्रिंट’ असे लिहून मागवू नये. कोणत्या पद्धतीने, कोणी, कधी छापले हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि पैसे पाठवण्याआधी सीमाशुल्क एजंटला दाखवावे.

आणि तिसरे, ज्यांना कलावंताबद्दल कळकळ आहे त्यांच्यासाठी. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 53-अ नुसार चित्र, शिल्प किंवा रेखाटनाची मूळ प्रत 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर त्या किमतीत कलावंताला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त 10 टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. मुद्राचित्राचा उल्लेख त्या कलमात नाही. परदेशी विक्रेत्याच्या हातचे जुने मुद्राचित्र घेताना त्या पैशातले काही हॅरिंगच्या कामापर्यंत पोहोचते, अशी समजूत करून घेऊ नये.

सिडकोतला संग्राहक

मी स्वतः टपालतिकिटे जमवतो आणि मला या खरेदीत काहीही आक्षेपार्ह दिसत नाही. गांधीजींचे 1948 चे 10 रुपयांचे तिकीट सरकारी टपालासाठी ‘सर्व्हिस’ असा जादा छाप मारून अवघे 100 काढले गेले, आणि त्यांतल्या चार तिकिटांच्या पट्टीला 2017 मध्ये 5 लाख पौंड मिळाले. त्या पैशांत गांधीजींची किती चित्रे आली असती, असे कोणी विचारत नाही. संग्रह करणाऱ्याला वस्तूबरोबर तिचा इतिहास हवा असतो. हॅरिंगने स्वतः हातात धरलेला कागद आपल्या घरात असावा, ही इच्छा कोणाचे नुकसान करत नाही, आणि स्थानिक चित्रकारांचे काम विकले जात नाही याचा दोष या दांपत्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

गोदाकाठचा वास्तुविशारद

सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. काकांनी छपाईविषयी जे सांगितले ते मी त्या दांपत्याला जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे, कारण घ्यायचेच असेल तर भिंग हातात धरून घ्यावे. तरीही माझा विरोध कायम आहे. संग्राहकांनी तिकिटाचे उदाहरण दिले. ते तिकीट सगळ्यांसाठी काढलेले नव्हते, तर हॅरिंगने आपले दुकान सगळ्यांसाठी उघडले होते. कलावंताचा हेतू घेणाऱ्यावर बंधनकारक नसतो हे मला कळते, पण त्याच हेतूची गोष्ट सांगून विक्रेता किंमत वाढवत असेल, तर त्या गोष्टीचा मान राखण्याची अपेक्षा घेणाऱ्याकडूनही ठेवता येते.

शिवाय ज्या भिंतीसाठी हे चाललेले आहे तिच्यावर दुपारी तीननंतर पश्चिमेचे थेट ऊन येते. हे मी त्यांना सांगितले आहे, पण ते जागा बदलायला तयार नाहीत.

रंगरेषा, पंचवटी

मग त्यांना एवढे नक्की सांगा, की थेट उन्हात झळाळते रंग काही वर्षांत उतरतात आणि ते परत आणता येत नाहीत. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी वेग कमी होतो, धोका टळत नाही. चौकट करणाऱ्याने चित्राची पाठ फळीला चिकटवली, चिकटपट्टी लावली किंवा कडा कापून चौकटीत बसवले, तर स्वाक्षरी असूनही मोल गेले असे समजावे. आम्लरहित पुठ्ठा, कोपऱ्यांवर कागदी खोबणी, आणि काच व चित्र यांच्यात मोकळी जागा एवढे हवेच, कारण श्रावणात आपल्याकडची दमट हवा काचेच्या आतही शिरते आणि कागद काचेला चिकटतो.

नाशिकरोड निवृत्त

ताईंच्या या शेवटच्या उत्तराशी मी अक्षरशः सहमत आहे. मात्र वास्तुविशारद साहेब, एक विनंती आहे. चित्र आले आणि त्या दांपत्याची हरकत नसली, तर चौकटीत जाण्यापूर्वी ते मला एकदा भिंगाखाली पाहू द्या. काळ्या रेषेची कड पाहिली की पुष्कळसे कळते, आणि जे मला दिसेल ते, माझ्या मताच्या विरुद्ध असले तरी, मी इथे लिहीन.