जर्मन आजींच्या फुग्यात कुठलं मराठी लिहू? (परदेशातल्या डायरीचं कॉमिक)

पायरी
नमस्कार मंडळी, मी दोन वर्षांपासून श्टुटगार्टला राहतेय, नवऱ्याची नोकरी इथे आहे म्हणून आलो. रोज रात्री सगळं आवरलं की अर्धा तास वहीत दिवसभरातलं काहीतरी काढते, तसं करत करत पहिल्या वर्षाची चाळीसेक पानं झालीत आणि आता त्याचं नीट मराठी कॉमिक करायचं फार मनात आहे. चित्रांचं जमतंय, अडलंय ते फुग्यांपाशी, म्हणजे पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात त्या फुग्यांपाशी.

आमच्या समोरच्या दारात एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. इकडे केरवोखे म्हणून पद्धत आहे, बिल्डिंगमधल्या घरांनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा-पुसायचा, ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकवतात आणि काम झालं की त्याने ती पुढच्या दाराला नेऊन अडकवायची. आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दाराला पाटी! मी ती हातात घेऊन उभी, तेवढ्यात आजी बाहेर आल्या आणि जिन्याकडे बोट दाखवत भराभर बोलायला लागल्या, ते सगळं इथलं श्वेबिश, मी पुण्यात क्लास लावून शिकलेल्या जर्मनमधलं एक वाक्य कामाला येईना. पण त्यात दोन-तीनदा ‘केर’ ऐकू आलं आणि त्यांच्या हातात झाडू, मग कळलंच. जर्मनमध्ये पण केर म्हणजे झाडण्याचंच काहीतरी, इतकं बरं वाटलं ना मला त्या क्षणी की काय सांगू.

तर हे पान कसं लिहू? आजी प्रमाण मराठीत बोलल्या तर मला काहीच कळत नव्हतं हेच निघून जातं. जर्मन देवनागरीत लिहून खाली अर्थ दिला तर चौकटीत चित्राला जागा उरत नाही. श्वेबिश ही बोली आहे म्हणून त्यांना मालवणी बोलायला लावावं असंही मनात आलं. तुम्ही काय कराल?

मधुमालती
मालवणी कराच! माझी आजी मालवणी बोलायची आणि पुस्तकात आजी म्हटली की ती शाळेतल्या बाईंसारखं बोलताना दिसते याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं. परदेशातली माणसं मराठीत आणली की हमखास सगळी एकसारखी गुळगुळीत बोलतात, बँकेतला माणूस आणि जिना झाडणाऱ्या आजी यांच्यात फरकच राहत नाही. बोली असली की माणूस समोर उभं राहतं. ‘गो बाय, जिनो झाडूक नाय तां?’ एवढं लिहिलंस तरी मला त्या दिसतील.

शाईचा_डाग
हा प्रश्न फार जुना आहे, सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी तो आपल्या परीने सोडवला होता. हेन्री योशिताका कियामा. १९०४ मध्ये तिथे गेला, चित्रकला शिकला, आणि स्वतःचे आणि मित्रांचे अनुभव घेऊन ५२ भागांचं कॉमिक काढलं, १९३१ मध्ये स्वतःच छापलं. चार जपानी पोरं, गोऱ्यांच्या घरी घरगड्याची कामं, १९०६ चा भूकंप, सगळं आहे त्यात. त्याने काय केलं तर पोरं आपापसात जपानीत बोलतात, अमेरिकन माणसं इंग्रजीत, आणि पोरं मालकिणीशी बोलायला गेली की मोडकं इंग्रजी. फ्रेडरिक शॉट यांनी पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर केलं त्यात पण हा फरक जपलाय, पोरांचं जपानी अस्खलित इंग्रजीत आणि त्यांचं इंग्रजी मोडकंच. त्यामुळे आपापसात एवढं मोकळं, हुशार बोलणारा मुलगा दारात मालकीण आली की कसा आखडतो ते पानावर दिसतं. कियामाचा वाचक त्याच्यासारखाच होता, दोन्ही भाषा येणारा, म्हणून त्याचं निभावलं. तुमचा वाचक श्टुटगार्टमधला मराठी माणूस आहे की साताऱ्यातली मावशी, ते आधी ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

आणि एक कामाचं सांगतो, आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. इंग्रजी कॉमिक बघून फुगे आधी काढले तर फसायला होतं. त्यांची बहुतेक अक्षरं कॅपिटल, सगळी एका उंचीची, आपल्याकडे वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन ओळी एकमेकींत घुसतात. फिक्या निळ्या पेन्सिलीने शिरोरेघा आखून घ्या आणि खालचे उकार मोकळे बसतील एवढं अंतर सोडा.

बाभूळ
मधुमालती, तुमचं वाईट वाटणं समजतं मला, पण इथे मालवणी नको असं मनापासून वाटतं. आजी मालवणीत बोलल्या की वाचकाला सावंतवाडीचं अंगण दिसणार, श्टुटगार्टचा जिना नाही. दुसरं म्हणजे मालवणी वाचकाला कळते हो! पायरीला तेव्हा कळलं नव्हतं, मग वाचकाला का कळावं?

गी दलील या चित्रकाराचं जेरुसलेमचं कॉमिक मिळालं तर जरूर वाचा, २०१२ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेलं. त्याची बायको डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेत, २००८-०९ चं वर्ष ते पूर्व जेरुसलेममध्ये राहिले, ती कामावर आणि हा दोन लहान मुलांना घेऊन घरी. म्हणजे पायरी, तुमच्यासारखंच, नोकरी जोडीदाराची आणि शहर समजून घेणं आपल्या वाट्याला. शुक्रवारी मुसलमानांचं बंद, शनिवारी ज्यूंचं, रविवारी ख्रिश्चनांचं, मग दुकान कुठलं उघडं सापडणार, यातून त्याला शहर कळत जातं. मला त्यात आवडलं ते हे की तो सहसा आपल्यापेक्षा जास्त माहीत असल्याचा आव आणत नाही, त्याला जेव्हा कळतं तेव्हाच आपल्याला.

तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आलंय बघा. आजींचा फुगा नुसत्या गिचमिड रेघांनी भरा, अक्षरासारख्या दिसणाऱ्या पण न वाचता येणाऱ्या, आणि त्या गिचमिडीत तीन ठिकाणी ठसठशीत ‘केर’ लिहा. साताऱ्याच्या मावशीलाही तेवढंच कळेल आणि तुम्हाला कळलं तसंच कळेल, खाली अर्थ द्यायची गरजच नाही. मग पान पंधरावर गिचमिडीत चार शब्द वाचता येऊ देत, पान तीसवर अर्धं वाक्य.

मधुमालती
हे माझ्यापेक्षा चांगलंय, मान्य. फक्त एक करा, जेव्हा आजींचं सगळं कळायला लागेल ना त्या पानावर तरी त्यांना पुस्तकी बोलायला लावू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं तुटक, साधं बोलू देत.

पायरी
बाभूळ, मी रात्री साडेअकराला तुमचा प्रतिसाद वाचला आणि उठून ते पान परत काढायला बसले! गिचमिड काढणं सोपं नाही हं, हात आपोआप खरी अक्षरं काढायला लागतो, शेवटी डाव्या हाताने काढली. आणि मधुमालती, तुमचं डोक्यात ठेवलंय, शेवटच्या दहा पानांत आजी पूर्ण बोलतील आणि तुटकच बोलतील.

त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं चित्र कुठे टाकायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून शनिवारी वही घेऊन त्यांच्या दारात गेले. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या, केर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाल्या की चित्र चालेल, पण आपल्या जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, तिथे माझी जिरेनियमची कुंडी असते, ती का नाही काढलीस?

आज कुंडी काढतेय.