कम्युनिटी कॉलेजमधून प्राथमिक शिक्षिका व्हायचंय (कॅलिफोर्निया), सुरुवात कुठून करू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. वय ३९, बे एरियात राहते, ग्रीन कार्ड आहे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि लग्न होऊन इकडे आले, पदवी राहूनच गेली. गेली चार वर्षं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी लहान गटाला शिकवते. त्यात इतकं मन रमतं की आता इथल्या सरकारी शाळेत शिकवायचं मनावर घेतलंय. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं असं ऐकलं. पण कॉलेजच्या यादीत शिक्षणाशी संबंधित चार-पाच डिग्र्या दिसतात. कोणती घ्यायची? खर्च किती येतो? या वयात जमेल ना? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

बोरकूट:
खर्चाचं मी सांगते. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांचे २,७६०. पुस्तकं वेगळी. ग्रीन कार्डवर फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरता येतो, तो भराच. उत्पन्न कमी असेल तर कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून ही फीसुद्धा माफ होते.

शेवंती:
मी याच वाटेने आले, आता तिसरीला शिकवते. वयाची काळजी सोडा, माझ्या वर्गात माझ्याहून मोठ्या दोघीजणी होत्या.

एलिमेंटरी टीचर एज्युकेशनची ए-ए-टी घ्या. ए-ए म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री. त्यातला शेवटचा ‘टी’ महत्त्वाचा, तो ट्रान्सफरचा. २०१० च्या कायद्याने या डिग्र्या आल्या. इथली ६० युनिटं झाली की कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) तिसऱ्या वर्षाला प्रवेश पक्का, आणि उरलेल्या ६० युनिटांत बॅचलर्स. मात्र पक्का म्हणजे कॅल स्टेटच्या कुठल्यातरी कॅम्पसला, घराजवळच्याच कॅम्पसची हमी नाही. म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवा, मग असिस्टच्या साइटवर तुमच्या कॉलेजचा कुठला विषय तिथे कशाच्या जागी धरतात ते बघा, आणि मगच नाव नोंदवा. मी उलटं केलं. काउन्सेलरने साधी ए-ए सुचवली, मी विश्वासाने घेतली. ट्रान्सफरच्या वेळी कळलं की गणित आणि भूगोल पुन्हा करावे लागणार. एक सेमिस्टर आणि दोन विषयांची फी पाण्यात गेली. फार रडले होते तेव्हा.

ज्याची धास्ती होती तोच विषय मला सगळ्यात उपयोगी पडला: प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ४२ वजा १७ फळ्यावर मांडलं आणि विचारलं, हा हातचा आला कुठून? ‘दोनातून सात जात नाहीत’ हे मी लहानपणापासून घोकलेलं. पण दहाची एक कांडी परत करून दहा सुटे ठोकळे मोजून घेतले, तेव्हा दशक सुटा होतो म्हणजे काय होतं ते उमगलं. मग दहाऐवजी पाचाचा पाया धरून मोजायला लावलं: १, २, ३, ४ आणि त्यापुढे १०, म्हणजे आपले पाच. वर्गातल्या सगळ्या मोठ्या बायका बोटं मोजायला लागल्या. सहा वर्षांच्या पोराला आपलं नेहमीचं १० किती अवघड वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

शाळेत जाऊन ४५ तासांचं निरीक्षणही करावं लागतं. ते पहिल्याच वर्षी करा. रविवारची दहा-बारा मुलं वेगळी. इथे पाचही दिवस वीस-पंचवीस मुलं, त्यात इंग्रजीचा शब्दही न येणारं एखादं. ते पाहूनही पाय पुढेच पडला तर बॅचलर्सनंतरचं परवान्याचं वर्ष धरून पाच वर्षं जड जात नाहीत. बोटांचे ठसे आणि टीबीची चाचणी आधीच करून ठेवा.

कर्दळ:
बॅचलर्सवर थांबता येत नाही हेही लक्षात घ्या. स्वतःचा वर्ग मिळायला मल्टिपल सब्जेक्ट क्रेडेन्शियल (प्राथमिक शिक्षकाचा परवाना) लागतं, साधारण आणखी एक वर्ष. त्यात किमान ६०० तास वर्गात शिकवण्याचा सराव असतो, तोही बऱ्याच जणांना बिनपगारी. त्या वर्षासाठी आतापासून पैसे बाजूला टाका. सीबेस्टचे (शिक्षकांच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेचे) क्लास कुणी सुचवले तर लावू नका, आता बॅचलर्स असली की ती परीक्षा द्यावी लागत नाही. टीच ग्रँट (शिक्षक होणाऱ्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत) घ्यायची तर अटी दोनदा वाचा: ८ वर्षांत ४ वर्षं कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत, टंचाई असलेला विषय शिकवला नाही, तर ती रक्कम कर्ज होऊन व्याजासकट मागे लागते.

रानजाई:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री धाकट्यासमोर पेन्सिलींना रबर लावून दहा-दहाच्या चार जुड्या केल्या, दोन सुट्या ठेवल्या. एक जुडी सोडल्यावर तो स्वतःच म्हणाला, “आता बारातून सात जातील.” ए-ए-टीच घेते. दोन शंका. पुण्याहून बी.कॉम.च्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका मागवल्या तर काही युनिटं मिळतील का? आणि निरीक्षण धाकट्याच्याच शाळेत करू का?

शेवंती:
मागवा, पण परदेशी गुणपत्रिकांच्या मूल्यमापनाचे पैसे भरण्याआधी कोणत्या संस्थेचं चालतं ते कॉलेजला विचारून घ्या. निरीक्षणाला शक्यतो दुसरी शाळा बघा, आपलं मूल समोर असलं की लक्ष तिकडेच जातं. आणि एकाच वर्गात बसू नका, पहिली, तिसरी, पाचवी असे तीन तरी वर्ग मागून घ्या.