खडकीच्या स्मारकावरचा 'ड्रायव्हर': पहिल्या महायुद्धातील नोंदी कुठे शोधाव्यात?

मुळाकाठ

नमस्कार. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात राहते. तिच्या शेजारच्या वृद्ध बाईंचे चुलत आजोबा ब्रिटिश तोफखान्यात 'ड्रायव्हर' होते आणि १९१७ साली मुंबईतल्या लष्करी रुग्णालयात वारले, एवढेच त्या घराला ठाऊक आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी गेल्या रविवारी खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले आणि १९१४-१९१८ च्या स्मारकावर रॉयल फील्ड आर्टिलरीच्या रकान्यात ते नाव मला सापडले. छायाचित्र पाठवल्यावर बाईंनी उलट टपाली त्या आजोबांचा स्टुडिओतला जुना फोटो पाठवला. त्यात छातीवरून तिरका काडतुसांचा पट्टा आहे, हातात आखूड चाबूक आहे आणि फक्त उजव्या पायाला कातड्याचे जाड कवच बांधलेले दिसते. ते मोटार चालवत असत का? मुंबईत दफन झालेल्या माणसाचे नाव खडकीला कसे? आणि सेवापुस्तक मिळत नसेल, तर त्यांनी कुठे व किती काळ सेवा केली हे कळण्याचा काही मार्ग आहे का?

जुना तोफखाना

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या उजव्या पायाच्या कवचातच आहे. मैदानी तोफ सहा घोडे ओढत असत. त्यांच्या तीन जोड्या असत आणि प्रत्येक जोडीला एक ड्रायव्हर असे. तो डाव्या घोड्यावर स्वार होऊन उजव्या घोड्याला सोबत हाकत असे, त्यामुळे त्याचा उजवा पाय सतत दोन घोड्यांच्या आणि गाडीच्या दांडीच्या मध्ये सापडे. तो चिरडू नये म्हणून हे कवच. तोफखान्यात 'ड्रायव्हर' हा साध्या शिपायाच्या बरोबरीचा हुद्दा होता आणि घोड्यांना खरारा करणे, दाणापाणी करणे, घोड्यांच्या साजाचे कातडे तेल लावून मऊ ठेवणे हे त्याचे रोजचे काम असे. १९११ च्या जनगणनेत या मुलाचा धंदा काय लिहिला आहे, ते अवश्य पाहा.

नोंदवही

सेवापुस्तक न मिळण्याचे कारण बहुधा सप्टेंबर १९४० मधला बॉम्बहल्ला असावे. लंडनमधल्या ज्या कोठारात पहिल्या महायुद्धातील शिपायांचे कागद ठेवले होते ते त्यात जळाले आणि निम्म्याहून अधिक नोंदी कायमच्या गेल्या. तरीही घराने आशा सोडू नये, कारण एकाच माणसाची नोंद तेव्हा अनेक दफ्तरांत होत असे आणि ती सगळी दफ्तरे त्या कोठारात नव्हती.

सर्वांत आधी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरून सेवाक्रमांक आणि मृत्यूची तारीख घ्यावी. नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाचे डझनभर शिपाई निघतात. प्रादेशिक दलातील (म्हणजे 'टेरिटोरियल फोर्स' या अर्धवेळ स्वयंसेवकांच्या दलातील) शिपायांना १९१७ च्या सुरुवातीला नवे सहा अंकी क्रमांक मिळाले, म्हणून त्यांचे दोन क्रमांक असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमधून पदकाचे कार्ड मागवावे. डेव्हनचे प्रादेशिक तोफखान्याचे शिपाई वेसेक्स डिव्हिजनबरोबर ऑक्टोबर १९१४ मध्ये साउदॅम्प्टनहून निघून नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरले होते. जो शिपाई केवळ भारतात राहिला त्याला सहसा फक्त ब्रिटिश वॉर मेडल मिळाले. कार्डावर व्हिक्टरी मेडलही असेल, तर तो माणूस प्रत्यक्ष रणक्षेत्रात, म्हणजे त्या काळी मुंबईमार्गे बहुधा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), जाऊन आला होता.

माझ्या मते सर्वांत बोलके दफ्तर मात्र नॅशनल आर्मी म्युझियममधील मृत सैनिकांच्या येणे रकमांचे आहे. त्यात वारसाचे नाव आणि 'वॉर ग्रॅच्युइटी'ची, म्हणजे युद्धसेवेबद्दल दिलेल्या अनुदानाची, रक्कम असते. ती रक्कम सेवेच्या महिन्यांवर ठरत असे आणि पहिल्या वर्षानंतर शिपायाला दर महिन्यामागे दहा शिलिंग धरत, त्यामुळे तिच्यावरून भरतीचा महिना जवळपास नेमका काढता येतो.

शिवडीकर

खडकीविषयी थोडे लिहितो. मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतील ६२९ सैनिकांचे अवशेष १९६२ साली खडकीला आणून पुन्हा दफन केले गेले आणि त्यांची नावे या स्मारकावर कोरली गेली. आपले ड्रायव्हर त्यांच्यापैकी असण्याचा संभव मोठा आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातील दफनांच्या नोंदी 'एन/३' या मालिकेत आहेत. त्यांत पुष्कळदा मृत्यूचे कारणही लिहिलेले असते, म्हणून बहिणीला तिथे जरूर पाहायला सांगा.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्ड मिळाले. त्यावर दोन क्रमांक आहेत आणि दोन्ही पदके आहेत, म्हणजे ते मेसोपोटेमियात होते, आणि घरातल्या कोणालाही हे आजवर ठाऊक नव्हते. १९११ च्या जनगणनेत धंद्याच्या रकान्यात 'शेतावरचा गाडीवान' असे लिहिलेले सापडले. हे फोनवर सांगितल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, की त्यांचे वडीलही घोड्याच्या डाव्या बाजूनेच चालत असत. बहीण पुढच्या महिन्यात 'एन/३' पाहायला लंडनला जाणार आहे.