चौथीच्या वर्गात लिफ्टवाला: पोरांना कामं दाखवायची ती कोणती, आणि कधी?

लिफ्टवाला_लालबाग
मी लिफ्टचा मेकॅनिक. आयटीआय झाल्यापासून २२ वर्षं मशीन रूम ते पिट (लिफ्टखालचा खड्डा), पिट ते मशीन रूम. मुलगी चौथीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत ‘आईबाबांचं काम’ असा दिवस होता. फॉर्म भरून दिला, तर बाईंचा फोन. “आधी डॉक्टर, पायलट, सीए होऊ देत, वेळ उरला तर तुमचं घेऊ.” वेळ उरला, कारण पायलटसाहेबांची ऐनवेळी ड्युटी लागली. मला १५ मिनिटं मिळाली.

फळ्यावर लिफ्टमधली पाटी लिहिली: ८ माणसं, ५४४ किलो. माणशी किती? ६८ आलं. एक पोरगा म्हणाला, माझं वजन २८. लगेच वहीत भागाकार. “म्हणजे आम्ही १९ जण जाऊ!” वजनात बसाल, पण जागेत मावाल का, यावर पाच मिनिटं भांडण. मग दोरीच्या एका टोकाला डबा, दुसऱ्याला भरलेली पाण्याची बाटली बांधून खिडकीच्या गजावरून सोडली आणि काउंटरवेट, म्हणजे केबिनला तोलणारं दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, समजावलं. केबिनचं वजन, अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के, एवढं ते असतं. म्हणून रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सोडला तर ती खाली येत नाही, वर जाते. वर्ग चिडीचूप. मागून एक मुलगी, “आणि दोर तुटला तर?” सांगितलं, दोर एकच नसतो. त्यातूनही केबिन वेगात सुटलीच तर वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर अडकतो आणि खालचे जबडे गाईड रेल पकडतात. घंटा झाली तरी पोरं सोडेनात.

पोरगी घरी येताना बोलली नाही, पण लिफ्टमध्ये पाटीकडे बघत उभी राहिली.

तर विचारायचंय, हे चौथीत दाखवावं का? आणि कुठलं काम दाखवण्यासारखं आणि कुठलं ‘वेळ उरला तर’, हे कोण ठरवतं?

दादरकर_निवृत्त
प्रात्यक्षिक झकास. पण ते विज्ञानाचं झालं, व्यवसायाचं नव्हे. माझा विरोध त्या दुसऱ्या शब्दाला आहे. नऊ वर्षांच्या लेकराला ‘तू कोण होणार’ विचारणं ही आईबापांची घाई. आमचा नातू सोमवारी मोटरमन असतो, मंगळवारी रोहित शर्मा. असू दे की. राज्य मंडळाने २०१६ साली दहावीला कल चाचणी आणली होती. आमच्या घरी तो कागद आला, सगळ्यांनी वाचला, आणि पोरगी गेली कॉमर्सला, कारण मैत्रीण कॉमर्सला. पुढे चाचणीही बंद पडली. सोळाव्या वर्षी ही कथा, तर नवव्या वर्षी काय दिवे लावणार?

सकाळची_७_५२
काका, विचारणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून रेल्वेत आल्या, इंजिन चालवायला लागल्या, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत घेऊन सीएसएमटीला आल्या. माझ्या लेकीला हे सांगेपर्यंत तिच्या लेखी बाई म्हणजे गाडीत बसणारी.

दादरकर_निवृत्त
आणि सुरेखाताईंना लहानपणी कोणी दाखवलं होतं? त्यांच्या पुढे बाई नव्हतीच. म्हणजे माझंच खरं ठरलं.

सकाळची_७_५२
एक निघाली ती दिसली. ज्या निघाल्याच नाहीत त्या कुठे मोजता?

भांडुपची_बाई
पालिकेच्या शाळेत शिकवते, सहावी ते आठवी. थोडं जमिनीवरून बोलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याच वर्गांसाठी १० दिवस दप्तराविना आहेत, सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशांबरोबर काम शिकायला. कागदावर छान. माझ्या वर्गात सुताराचा मुलगा आहे, माळ्याची मुलगी आहे, आणि तीन मुलांच्या आया घरी बसून इमिटेशनच्या माळा ओवतात, त्यात मुलंही ओवतात. यांना रंधा दाखवायला कुठे नेऊ? रंधा काय ते त्यांनी मला शिकवावं.

दुसरी बाजू परवानगीची. ५५ मुलं, सोबत दोन शिक्षक. जवळच्या एका कारखान्याने ‘सेफ्टी’ म्हणत नाही सांगितलं, आणि खोटं नाही, चुकत नव्हते ते. शेवटी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात दहा-दहाच्या गटाने गेलो. काच घासून फ्रेममध्ये बसवताना बघितली. त्या दिवशी दोन मुलांनी कबूल केलं की त्यांना फळा दिसत नाही. व्यवसाय परिचयाचं फलित म्हणून हे कुठल्या रकान्यात भरायचं कळलं नाही!

कोरा_कागद
मूळ धाग्याशी माझं भांडण आहे. वडील महापालिकेत मोटर लोडर होते, म्हणजे गाडीत कचरा भरणारे. साडेसहाची हजेरी, चौकीवर. दुपारी घरी आले की आधी मोरी, मग आम्ही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? आमच्या वस्तीत प्रत्येकाला माहीत. दहावीत ७१ टक्के मिळाले तेव्हा शेजारी म्हणाले, “कशाला दमतेस, बापाची जागा आहे ना.” कोणी वाईट हेतूने नाही म्हणालं. कायमची नोकरी, पेन्शनचा आधार, वस्तीत त्याला मान आहे. पण वाट एकच दिसत होती.

बारावीत असताना वडील दवाखान्यात होते. रक्त घ्यायला आलेल्या ताईला विचारलं, तुम्ही डॉक्टर का? म्हणाली, नाही, डीएमएलटी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. तोवर हा शब्दच ऐकला नव्हता. आज मी तेच काम करते.

म्हणून ‘श्रमप्रतिष्ठा’ ऐकलं की अंगावर काटा येतो. टॉवरमधल्या मुलांना गटार दाखवा, जरूर. आमच्या मुलांना पॅथॉलॉजी लॅब दाखवा. दोघांना एकच सहल नको.

लिफ्टवाला_लालबाग
कोराताई, पटलं, निम्मं. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात घर बसलं, तेव्हा ‘बापाची जागा’ ही सोयच गेली. त्यांना दुसरं काही बघायला मिळालं नव्हतं, म्हणून मला जबरदस्तीने आयटीआयला घातलं. मी नशीबवान. पण उरलेलं निम्मं पटलं नाही. टॉवरच्या पोरांना मी गेलो नसतो तर लिफ्ट म्हणजे बटण, एवढंच माहीत राहिलं असतं. आणि माझ्या पोरीला? तिला मी पायलट दाखवायचा की स्वतःला? त्या दिवशी दोन्ही दिसायला हवे होते. एक ड्युटीवर गेला.

दादरकर_निवृत्त
मेकॅनिकसाहेब, एक विचारतो. तिला लिफ्टचं काम करायचंय म्हणाली तर?

लिफ्टवाला_लालबाग
खरं सांगू? पोटात गोळा येईल. उन्हाळ्यात मशीन रूममध्ये उभं राहवत नाही. वर्गात एका पोराने पगार विचारला, तेव्हा बाईंनी त्याला गप्प केलं. मी आकडा सांगितला असता. तो न सांगता काम काय दाखवणार, कप्पाळ?

भांडुपची_बाई
पगाराचं अगदी. तास, पगार, सुट्टी, कुठे लागतं, सगळं सांगायला हवं. कोराताई, तुमचे वडील आमच्या वर्गात येतील का? हेही सांगू देत, वारसा हक्काचंसुद्धा. मुलांनी त्यांनाच विचारावं.

कोरा_कागद
विचारून सांगते.

कोरा_कागद
विचारलं. येतो म्हणाले. पण गाडीचं आणि कचऱ्याचं बोलणार नाहीत, ते ३१ वर्षं झालं म्हणाले. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. ढोलकी चढवायची कशी, ते दाखवणार आहेत. चालेल का, बाई?

भांडुपची_बाई
शुक्रवारी, पाचवा तास. ढोलकी त्यांचीच आणायला सांगा, शाळेतली फाटली आहे.