स्टॉलमननं एमआयटीची नोकरी नेमकी का सोडली?

दुसरं_वर्ष_कराड
नमस्कार. पुढच्या शुक्रवारी वर्गात दहा मिनिटं बोलायचंय, विषय अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन. जिथे बघावं तिथे एकच गोष्ट सापडते: प्रयोगशाळेतला प्रिंटर सारखा अडकायचा, हा चिडला आणि यानं जीएनयू ही सगळ्यांसाठी खुली संगणकप्रणाली सुरू केली. एका प्रिंटरपायी कुणी एमआयटीसारख्या अमेरिकन विद्यापीठातली नोकरी सोडेल हे मला पटत नाही, आणि सर तिथेच पकडणार. शिवाय सॉफ्टवेअर फुकट वाटायचं म्हटल्यावर त्याचं पोट कसं चालायचं? कुणी नीट समजावून सांगेल का?

छापखाना_मिरज
बाळ, प्रिंटर अडकणं ही त्याची तक्रारच नव्हती. आधीचा प्रिंटरही अडकायचा. पण त्याचा प्रोग्राम हाताशी होता, म्हणून स्टॉलमननं त्यात सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्यांची ज्यांची कामं रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. मग कुणीतरी उठून जायचं आणि कागद काढायचं. 1980 च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता-बदलता येणारा मजकूर, मात्र आला नाही. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात गेला असताना, तो कोड ज्याच्याकडे होता त्याला हा भेटला आणि एक प्रत मागितली. त्या माणसानं गुप्ततेच्या करारावर सही केली होती. त्यानं नाही म्हटलं. स्टॉलमननं भाषणात सांगितलंय, की इतका राग आला की काय बोलावं सुचेना, तसाच पाठ फिरवून खोलीबाहेर पडलो. भाषणात प्रिंटरपेक्षा या नकारावर जास्त वेळ दे. एका सहीनं तो माणूस फक्त याला नाही, पुढे मागायला येणाऱ्या सगळ्यांना आधीच नाही म्हणून बसला होता.

मला हे इतकं का कळतं ते सांगतो. आमच्याकडे मराठी मजकूर लावायला जे सॉफ्टवेअर होतं त्याला डोंगल असायचं. काडेपेटीएवढा डबा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खुपसायची. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. एका पावसाळ्यात ते डोंगल गेलं. विक्रेता म्हणाला, ही आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. नवी घेतली, तर तिच्यात जुन्या फाइली उघडेनात. दुसऱ्या कशात उघडल्या तर ळ च्या जागी कंस, जोडाक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. अकरा वर्षांचं काम त्यात होतं. त्यात एका निवृत्त गुरुजींचा म्हणींचा संग्रह, 412 पानं. दुसरी आवृत्ती काढायची म्हणून गुरुजी आले तेव्हा मजकूर त्यांचा, टायपिंग माझं, कॉम्प्युटर माझा, आणि तरी मला त्यांना फाइल उघडून दाखवता येईना. सून आणि मी छापील प्रत समोर ठेवून चार महिने पुन्हा टाइप करत बसलो. पैसे मोजून घेतलेली वस्तू होती ती. तेव्हा पैशाचा प्रश्न बाजूलाच ठेव.

आता नोकरीचं. तो 1971 मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत, आला. तिथे एकमेकांचा कोड बघायचा, सुधारायचा, ही रोजची रीत होती. 1980 नंतर लॅबमधली बहुतेक माणसं कंपन्यांत गेली आणि ती रीत मोडली. त्यानं 27 सप्टेंबर 1983 ला जीएनयूची घोषणा केली आणि जानेवारी 1984 मध्ये राजीनामा दिला. कारण अगदी व्यवहारी होतं: नोकरीत राहून लिहिलं असतं तर एमआयटी त्यावर मालकी सांगू शकली असती आणि स्वतःच्या अटींवर ते वाटू शकली असती. लॅबचे प्रमुख पॅट्रिक विन्स्टन यांनी मात्र त्याला पुढेही तिथली यंत्रं वापरू दिली. सरांना हे सांग.

आज्ञावली
पोटाचं सांगते. 1985 मध्ये तो ईमॅक्स या आपल्या एडिटरची, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामची, टेप 150 डॉलरला विकायचा. इंटरनेटवरून ज्याला घेता येईल त्यानं तसंच घ्यावं, नाहीतर टेप मागवावी. म्हणजे विकण्याला त्याचा कधीच विरोध नव्हता. इंग्रजीत मुक्त आणि फुकट दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे त्याला जन्मभर खुलासा करत फिरावं लागलं. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं, त्यामुळे तुझं काम सोपं आहे.

जीपीएल हा त्याचा सॉफ्टवेअर परवाना विसरू नकोस. 1989 ची पहिली आवृत्ती. कॉपीराइटचाच कायदा वापरून त्यानं अट घातली: वापरा, बदला, विका, पण पुढच्याला देताना कोडही द्या आणि हेच हक्कही द्या. लिनस टोरवाल्ड्सनं 1992 मध्ये आपण लिहिलेल्या लिनक्सला हाच परवाना लावला. जीएनयूकडे कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) होता, एडिटर होता, स्वतःचा कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, मात्र तयार नव्हता. ती जागा लिनक्सनं भरली.

कृष्णाकाठ
2019 टाळू नका. मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेल्या एपस्टीनच्या प्रकरणात, एमआयटीचे प्राध्यापक असलेल्या मार्विन मिन्स्कींच्या बाजूनं त्यानं लिहिलेल्या ईमेलवरून मोठा गदारोळ झाला. त्यानं एमआयटीतलं पाहुण्या संशोधकाचं पद सोडलं आणि त्यानंच स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपदही. 2021 मध्ये तो संचालक मंडळावर परत आला तेव्हा याच चळवळीतल्या कितीतरी लोकांनी जाहीर विरोध केला. मी रोज त्याच्या कामावर जगते, त्या कामाचा मला आदर आहे, आणि ते लिखाण मला तेव्हाही चूक वाटलं, आजही वाटतं. दोन्ही सांगा.

दुसरं_वर्ष_कराड
खूप आभार सगळ्यांचे. 2019 पण घेते. काका, गुरुजींचं पुस्तक निघालं का शेवटी?

छापखाना_मिरज
निघालं. स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावलं, टाइप मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता'. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडला तरी अक्षरं तीच. छपाईनंतर फाइल पेनड्राइव्हवर घालून गुरुजींना दिली. आठवड्यानं त्यांच्या नातवाचा फोन आला. त्यानं घरीच ती उघडली होती, आणि 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण पान 87 वर आणि पान 203 वर अशी दोनदा आल्याचं शोधून काढलं होतं. 203 वरची त्यानंच काढून टाकली आणि फाइल मला परत पाठवली.